थोरात, लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील

(१२ ऑगस्ट १९०६ – १० ऑगस्ट १९९२). भारतीय भूसेनेतील सेनानी. डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) आणि कीर्तिचक्र या शौर्यपदकांचे मानकरी. जन्म कोल्हापूरजवळच्या वडगावचा. वडील पांडुरंग चिमणाजी पाटील हे शेतीशास्त्रातले जाणकार, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाशी निगडित. पाटील आणि थोरात अशी दोन्ही नावे लागल्याने मुलाच्या वाट्याला ‘एस. पी. पी.’ ही लांबलचक आद्याक्षरे आली. सैन्यात ते त्याच नावाने ओळखले जात. कोल्हापुरात मात्र नुसते ‘जनरल थोरात’ एवढे पुरे.

इंग्लंडातील सँडहर्स्ट येथे प्रशिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते अधिकारी झाले. पुढे भूसेनाप्रमुख झालेले के. एस. थिमय्या त्यांचे तिथले सोबती. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि थोरातांच्या नोकरीतल्या बऱ्याच वळणांवर थिमय्या भेटत राहतात. थोरातांची नेमणूक पंजाब रेजिमेंटमध्ये झाली. मराठा गडी मराठा पलटणीतच जाणार हा आपल्याकडचा समज; त्यांनी तलवार गाजवली ती पंजाबी जवानांबरोबर.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर जानेवारी १९४५ मध्ये कांगॉची लढाई झाली. माघार घेणाऱ्या जपान्यांचा रस्ता तोडायचा होता. खाड्या, खारफुटी आणि चिखल यांच्यातून वाट काढत ब्रिटिशांची ३ कमांडो ब्रिगेड २२ जानेवारीला उतरली आणि तिने ‘हिल १७०’ ही टेकडी धरून ठेवली. मागोमाग ५१ वी भारतीय ब्रिगेड आली. कमांडोंनी पाय रोवलेल्या रणांगणावर पुढचा घाव घालायचे काम साध्या पायदळाकडे आले. ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या (८/१९ हैदराबाद), एल. पी. सेन (१६/१० बलुच) आणि थोरात (२/२ पंजाब). गोऱ्या अधिकाऱ्यांखेरीज हिंदी पलटण लढेल का, अशी शंका तोवर उघडपणे बोलली जात असे. ‘मेलरोझ’ या टेकडीवरचा हल्ला थोरातांच्या पलटणीने केला. शेवटचा टप्पा संगिनींचा, समोरासमोरचा होता. टेकडी घेतली, माणसे बरीच गेली. तिघाही पलटणप्रमुखांना डीएसओ मिळाले आणि त्या शंकेला परस्पर उत्तरही मिळाले.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत विलक्षण प्रसंग मात्र युद्धातला नाही. १९५३ मध्ये कोरियातील युद्ध थांबले, तेव्हा मायदेशी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांना सांभाळण्याची जबाबदारी भारताकडे आली. थिमय्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष, थोरात ‘कस्टोडियन फोर्स’चे प्रमुख. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवू देईनात, म्हणून जवानांना जहाजांवरून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. ताब्यात सुमारे २२,६०० चिनी व उत्तर कोरियन कैदी, तेही आपापसांत टोळ्या करून राहणारे, संतापी आणि संघटित.

सप्टेंबरमध्ये कम्युनिस्टविरोधी चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरले. छावणीतून निसटून मायदेशी जायला निघालेला एक कैदी परत हवा, अशी त्यांची मागणी होती. गोळीबार केला तर ग्रेवाल जिवंत सुटणे कठीण, शिवाय शेकडो कैदी मेले असते. थोरात मोजकी माणसे घेऊन आत गेले. आरडाओरडा चालूच होता. आठवणींत त्यांनी लिहिले आहे त्याप्रमाणे, त्यांनी जमावाला उलट सुनावले : चिनी लोक पाहुणचाराबद्दल नावाजलेले, आणि मी इतका वेळ इथे आहे तरी मला कुणी चहा-सिगारेटही विचारली नाही! जमाव क्षणभर गोंधळला. मग चहा आला, सिगारेट आली, आणि पुढे ग्रेवालही सुटले. सेनानीच्या शिक्षणात हा डाव कुठे शिकवत असतील असे वाटत नाही. घरी आलेल्याला चहा न विचारणे म्हणजे केवढी नामुष्की, हे गावाकडच्या माणसाला मात्र सांगावे लागत नाही. कोरियातील कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र (वर्ग २) मिळाले. १९६७ मध्ये याच पदकाचे नाव कीर्तिचक्र झाले.

१९५७ ते १९६१ या काळात थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. मुख्यालय तेव्हा लखनौला होते. १९५९ च्या ऑगस्टमध्ये सरहद्दीवरच्या लाँगजू येथे चिन्यांशी चकमक झाली आणि ईशान्य सरहद्द लष्कराकडे आली. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी तिच्या संरक्षणाचा आराखडा वर पाठवला. त्यातला विचार सरळ होता : तवांगसारख्या पुढच्या ठाण्यांवर हट्टाने लढू नये, तिथे फक्त शत्रूची चाहूल घ्यावी आणि त्याचा वेग कमी करावा. खरी लढाई बोमडिलाच्या आसपास, आपली रसद जवळ आणि त्यांची लांबलेली असताना द्यावी. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या सरावात हे गणित मांडूनही दाखवले. थिमय्यांना ते पटले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना त्यात अकारण भीती दिसली. चीनला आपण मुत्सद्देगिरीने आवरू, असा त्यांचा भरवसा होता.

१९६१ च्या मे महिन्यात थिमय्या निवृत्त झाले. वारस म्हणून त्यांची पसंती थोरातांना होती, सरकारने पी. एन. थापर यांना निवडले. त्याच महिन्यात थोरातही निवृत्त झाले. दीड वर्षाने, १९६२ च्या चीन युद्धात, बोमडिला पडले. त्यानंतर पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले आणि आराखडा वाचून, हा आपल्याला दाखवला का गेला नाही असे विचारले, अशी हकिगत थोरातांनी नोंदवली आहे. याचे उत्तर मेनन यांच्याकडेच होते, आणि त्यांनी तेव्हा मंत्रिपद सोडले होते. पराभवानंतर नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थोरात आणि थिमय्या दोघेही सदस्य होते.

निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि कोल्हापुरात राहिले. ‘फ्रॉम रेव्हिली टू रिट्रीट’ हे आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९६२ बद्दल लिहिणाऱ्यांना त्यातली आराखड्यावरची पाने टाळता येत नाहीत. लेखकाची बाजू म्हणूनच ती वाचावीत, पण तारखा आणि नकाशा त्यांच्या बाजूने बोलतात. चिरंजीव यशवंतराव थोरात रिझर्व्ह बँकेतून ‘नाबार्ड’ या शेती व ग्रामविकासाच्या बँकेच्या अध्यक्षपदी गेले, म्हणजे आजोबांच्या शेतीकडेच; स्नुषा उषा थोरात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर होत्या.