मुंबईची आयलँडिंग व्यवस्था

राज्याचे वीजजाळे कोलमडू लागले, की मुंबईला त्यातून तोडून स्थानिक केंद्रांवर चालू ठेवणारी, १९८१ पासूनची संरक्षक योजना. जाळ्याची वारंवारता ५० हर्ट्झवरून ठरावीक पातळीखाली घसरताच रिले ही संरक्षक उपकरणे बाहेरच्या वाहिन्या खंडित करतात. मग शहराचा भार ट्रॉम्बे आणि डहाणूची औष्णिक केंद्रे तसेच खोपोली, भिवपुरी, भिरा येथील जलविद्युत केंद्रे यांच्यावर येतो. जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलू शकतात, म्हणून आणीबाणीत त्यांचे मोल मोठे. निर्मिती आणि मागणीचा मेळ बसावा म्हणून काही फीडर आपोआप बंद होतात.

स्थानिक केंद्रांवरची ही मदार किती नाजूक आहे, ते १२ ऑक्टोबर २०२० रोजी दिसले. सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघे वाहिनीतील बिघाडानंतर मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर आली. शहराची मागणी स्थानिक निर्मितीच्या फार पुढे गेली आहे, हे त्याचे मूळ. त्यामुळे बाहेरून वीज आणणारे मार्ग वाढवणे अटळ होते. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. आणीबाणीत राज्याचे वीजजाळे सांभाळणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राचे आदेश वीज कायदा २००३ नुसार सर्व वीज कंपन्यांवर बंधनकारक असतात.