‘चांगला’ नावाचा शेरा

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि गडचिरोली हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर काही वर्षांनी माझी तिकडे बदली झाली. खात्याचं नाव सांगत नाही. सगळ्या कचेऱ्यांत तेव्हा जे चालायचं, तेच आमच्याकडेही चालायचं. मार्च सरला की हाताखालच्या माणसांचे गोपनीय अहवाल लिहायचे आणि लिफाफे बंद करून वर धाडायचे. आमच्याकडे एक कारकून होते. माणूस चोख, पण महिन्याचा गोषवारा त्यांच्याकडून हमखास उशिरा यायचा. मी त्यांना एका शब्दानं बोललो नाही. अहवालात मात्र ‘चांगला’ एवढाच शेरा दिला.

तुम्ही म्हणाल, चांगला म्हणजे चांगलाच की! पण कचेरीच्या भाषेत तसं नसतं. बढतीला ‘अतिशय चांगला’ लागायचा. शेरा प्रतिकूल असला तर तो संबंधिताला कळवायची पद्धत होती. ‘चांगला’ काही प्रतिकूल नव्हे, म्हणून तो कळवायचा प्रश्नच नसायचा. त्यांची बढती हुकली तेव्हा त्यांना याचा सुगावा लागला. मला भेटायला आले नि म्हणाले, “साहेब, भामरागडचं मस्टर आल्याशिवाय गोषवारा बनत नव्हता. पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद. तुम्ही एकदा विचारलं असतं, तर सांगितलं असतं ना!” मला उत्तर सुचलं नाही.

असा शेरा एकट्या त्यांनाच भोवला असं नाही. सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या यंत्रणेत देव दत्त नावाचे अभियंता होते. १९९३-९४ सालच्या ‘चांगला’ या एका शेऱ्यानं त्यांचीही बढती अडली होती. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १२ मे २००८ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की शेरा बरा असो वा वाईट, तो ज्याच्याबद्दल आहे त्याला वाजवी मुदतीत कळवलाच पाहिजे. २०१३ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठानंही तेच म्हटलं. चांगलं झालं. पण शेऱ्याची प्रत हाती पडेपर्यंत वर्ष उलटून गेलेलं असतं, आणि तेव्हा सुधारणार तरी काय?

याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं, आणि तेही त्याच गडचिरोलीत. मी लिफाफे बंद करत होतो त्याच काळात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं काम तिथे उभं राहत होतं. त्यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम करताना एक अडचण आली. बाळाचे श्वास मिनिटाला किती, हे मोजल्याशिवाय निदान होत नाही, आणि गावच्या दाईला एवढी मोजणी येत नव्हती. मी असतो तर ‘मोजणी येत नाही’ असं लिहून मोकळा झालो असतो! त्यांनी साधनच बदललं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. चूक-बरोबर सांगायला साहेब लागत नव्हता, दाईला ते स्वतःच दिसायचं.

पुढे १९९५ साली ३९ गावांत प्रत्येकी एक आरोग्यदूत नेमली गेली. या गावातल्याच बायका, शाळा जेमतेम पाचवी ते दहावी. बाळंतपणाला हजर राहायचं, नवजात बाळाला वजन करून, ताप पाहून, श्वास मोजून तपासायचं आणि जंतुसंसर्ग दिसला तर चक्क जेंटामायसीनचं इंजेक्शन द्यायचं, एवढी जोखीम त्यांच्यावर होती. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यामागची देखरेख. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात जायचे. आरोग्यदूतानं लिहिलेली नोंद पाहायचे, त्या घरी जाऊन बाळ-बाळंतीण पाहायचे, नोंद पडताळायचे आणि चुकलं असेल तिथे दुरुस्त करायचे. मार्चची वाट पाहायची नाही. चूक पंधरा दिवसांपेक्षा जुनी होऊच द्यायची नाही. आणि बोलणं कशाबद्दल, तर वहीतल्या आकड्याबद्दल. ‘तू निष्काळजी आहेस’ असं म्हणायला त्यात जागाच नव्हती.

हे काम सुरू होण्यापूर्वी त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ६२ बाळं पहिल्या महिन्यातच दगावत होती. १९९७-९८ पर्यंत तो आकडा २५ च्या घरात आला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं हे छापलं आणि २०११ साली केंद्र सरकारनं ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर घेतला.

त्या कारकुनांची गेलेली बढती काही मी परत आणू शकलो नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एवढं केलं, की दर महिन्याला एकेकाला समोर बसवून त्या महिन्याच्या कामाबद्दल बोलायचो आणि अडचण विचारायचो. पहिलं वर्षभर कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या वर्षी एका शिपायानं धीर करून सांगितलं, “साहेब, टपाल दोन-दोन दिवस तुमच्याच टेबलावर पडून राहते.”