प्रश्नावली वाटण्याआधी: खानदेशातली आरोग्यसेवा आणि 'कार्यसमाधान'

जळगाव-धुळ्यातल्या प्राथमिक आरोग्य कर्मचाऱ्यांचं कार्यसमाधान मोजायचं ठरलं, की तयार प्रश्नावली उचलायचा मोह होतो. जरा थांबा. ज्या कामाबद्दल विचारणार आहोत, ते काम घडलं कसं, हे आधी बघू.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आली. १९५२ पासून सामुदायिक विकास कार्यक्रमातून केंद्रं उभी राहू लागली. तेव्हा देवीची लस टोचणारा वेगळा, हिवतापासाठी रक्त घेणारा वेगळा. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने ही कामं एकत्र करायला सांगितलं आणि 'बहुउद्देशीय' कर्मचारी आला. त्यात कुटुंब नियोजनाच्या 'केसेस' आणायचा दबाव होताच. टार्गेटची ही पद्धत धोरणातून गेली ती थेट १९९६ मध्ये.

२००५ पासून आशा आल्या, साधारण हजार लोकसंख्येमागे एक. त्यांना सरकार 'स्वयंसेविका' म्हणतं. नियमित नोकरीतला पगार नाही, मिळतं ते मानधन आणि कामागणिक मोबदला. २०२३ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, तोही मोबदल्यासाठीच.

आता प्रश्नावलीकडे या. हर्झबर्गचा १९५९ चा प्रसिद्ध सिद्धांत पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवर उभा आहे. स्पेक्टरच्या १९८५ च्या प्रश्नावलीत ३६ विधानं आहेत. त्यांत पगार, बढती, भत्ते-सवलती सगळं येतं. पण जिला पगार नाही, त्या आशाताईने बढतीच्या प्रश्नावर खूण कुठे करायची? तिचा कमी आलेला गुण तिच्या मनाबद्दल कमी बोलतो, तिच्या पदाच्या रचनेबद्दल जास्त.

जिल्ह्याची एकच सरासरी काढतानाही असंच फसायला होतं. एका केंद्रामागे सपाटीवर ३०,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात २०,००० लोकसंख्या हा निकष आहे. कागदावर सातपुड्याकडचं काम हलकं दिसतं. पण चोपडा, यावल किंवा शिरपूरच्या डोंगरपट्ट्यात एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला लागणारा वेळ या आकड्यात कुठेच नाही.

म्हणून प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर वय-शिक्षणासोबत एवढं विचाराच: नेमणूक कायम, कंत्राटी की मानधनावर? पैसे महिन्याचे की कामागणिक? रोजचं फिरणं किती? हे रकाने नसतील, तर विश्लेषणात 'असमाधान' दिसेल, पण ते कशाचं आहे हे सांगता येणार नाही.