‘दोमिनिक’ गाणारी धर्मभगिनी

पाश्चात्त्य सुगम संगीतातील साठीचे दशक बीटल्सच्या नावाने ओळखले जाते. त्याच दशकात एकाच गीताने शिखर गाठून विस्मृतीत गेलेले कलावंतही पुष्कळ झाले. त्यांपैकी एक नाव ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी निगडित आहे.

झानिन डेकर्स यांचा जन्म १९३३ साली बेल्जियममधील लाकन येथे झाला. १९५९ साली वॉटर्लूनजीकच्या फिशरमाँ येथील डॉमिनिकन मठात प्रवेश करून त्यांनी सिस्टर ल्यूक-गॅब्रिएल हे नाव धारण केले. गिटारच्या साथीने त्या स्वरचित भक्तिगीते गात. मठाच्या अनुमतीने ती ध्वनिमुद्रित झाली व १९६३ साली ‘सर सूरीर’, म्हणजे ‘हसरी सिस्टर’, या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांतील ‘दोमिनिक’ हे गीत संघसंस्थापक संत डॉमनिक यांच्यावर होते.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. शोकमग्न अमेरिकेत डिसेंबरमध्ये हे फ्रेंच गीत सलग चार आठवडे अग्रस्थानी राहिले. त्याच महिन्याच्या ४ तारखेला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर करून लोकभाषांना उपासनेचे दार उघडले. अशा काळात धर्मभगिनीच्या हातातील गिटार हे नवचैतन्याचे चिन्ह वाटले, तर नवल नाही.

फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत आले आणि रसिकांची अभिरुची पालटली. ‘दोमिनिक’चे यश दुसऱ्या गीताला लाभले नाही. १९६६ साली त्यांच्यावर हॉलिवूडचा चित्रपट निघाला; त्याच वर्षी त्यांनी मठ सोडला. ‘सर सूरीर’ हे नावही त्यांना वापरता येईना. ‘ल्यूक दोमिनिक’ या नावाने त्या गाऊ लागल्या. १९६७ साली त्यांनी संततिनियमनाच्या गोळीचे स्तुतिगीत गायिले. त्यामुळे अनेक श्रद्धावंत श्रोते दुरावले.

पुढे करखात्याने जुन्या उत्पन्नावरील कर मागितला. दारिद्र्यव्रतानुसार ते पैसे मठाला दिले, असे त्यांचे म्हणणे होते. पण पुरावा नव्हता. व्रताच्या पावत्या कोण जपून ठेवतो? कायद्याच्या लेखी मात्र त्या ऋणको ठरल्या. १९८२ साली ‘दोमिनिक’ नव्या वाद्यमेळात गाऊनही ऋण फिटले नाही. २९ मार्च १९८५ रोजी त्यांनी व त्यांची सहचारिणी आनी पेशे यांनी वाव्र येथे जीवनयात्रा संपविली. आपण श्रद्धा सोडलेली नाही, असे लिहून त्यांनी ख्रिस्ती अंत्यविधीची इच्छा व्यक्त केली होती.

ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ७०२ व्या नियमानुसार, संस्था सोडणाऱ्या व्रतस्थास तेथे केलेल्या कार्याचा मोबदला मागता येत नाही. तथापि संस्थेने त्याच्याशी न्यायाने व शुभवर्तमानाला शोभेल अशा प्रीतीने वागावे, असेही तोच नियम सांगतो. सर्वस्व देणारा हिशेब ठेवीत नाही. म्हणूनच तो ठेवण्याचे दायित्व घेणाऱ्यावर येते. जगाने या भगिनीचे एक गीत लक्षात ठेवले. व्रतस्थांच्या संस्थांनी तिचे उत्तरायुष्यही लक्षात ठेवावे.