बर्लिन आणि टोकियो : दोन क्रीडापट

क्रीडाविषयक चित्रपटांत सर्वश्रेष्ठ कोणता, हा वाद चार रसिक एकत्र जमले की हटकून निघतो. 'रॉकी' (१९७६), 'रेजिंग बुल' (१९८०) आणि 'चॅरिअट्स ऑफ फायर' (१९८१) या तीन नावांभोवती तो बराच वेळ घोटाळतो, आणि मंडळी आपल्याकडची असली तर कोणीतरी 'लगान'चे (२००१) घोडे पुढे दामटतोच. हे चित्रपट उत्तम आहेत, यात शंका नाही. पण त्या सर्वांना एक सोय लाभलेली आहे. त्यांतला खेळ आधी कागदावर खेळून झालेला असतो. ठोसा कोणी हाणायचा, शेवटचा फटका कोणी मारायचा, हे पटकथेत ठरलेले असते. याउलट, ज्याला निकाल ठाऊक नाही आणि हुकलेली उडी पुन्हा मारून दाखवा असे ज्याला सांगता येत नाही, अशा दिग्दर्शकाची कसोटी निराळी. त्या कसोटीला लावले तर माझ्या मते खरा सामना दोनच चित्रपटांत होतो : लेनी रीफेनश्टाल हिचा 'ऑलिंपिया' (१९३८) आणि कोन इचिकावा याचा 'टोकियो ऑलिंपियाड' (१९६५). दोन्ही सरकारच्या पाठबळावर निघाले. एकाचे यजमान तृप्त झाले, दुसऱ्याचे संतापले.

१ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनला ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेव्हा रीफेनश्टाल तेहेतीस वर्षांची होती आणि नाझी पक्षाच्या मेळाव्यावरील चित्रपटाने तिचे नाव गाजलेले होते. आपण ऑलिंपिक समितीसाठी स्वतंत्रपणे काम केले, असे ती पुढे जन्मभर सांगत राहिली. कागदपत्रे निराळे सांगतात. चित्रपटासाठी जी कंपनी काढली होती ती नावापुरती. पैसा गोबेल्सच्या प्रचारखात्याचा होता. त्या पैशाचे तिने काय केले हे मात्र पाहण्यासारखे आहे. मैदानात खड्डे खणून तिने छायालेखक त्यांत उतरवले, म्हणजे उडी मारणारा माणूस आभाळावर रेखलेला दिसावा. हान्स एर्टल याने पाण्याखाली चालणारा कॅमेरा तयार केला आणि तो सूर मारणाऱ्याबरोबर पाण्यात गेला. बांबूच्या उडीचा सामना रात्र पडेपर्यंत लांबला आणि अंधारात चित्रण जमेना. तेव्हा खेळाडूंना नंतर पुन्हा बोलावून त्या उड्या मारून घेतल्या. (वर जी कसोटी सांगितली तिच्यातून बाईंनी येथे हळूच पळवाट काढली!) सुमारे चार लक्ष मीटर फीत जमली. ती कापून जोडायला दीड वर्षाहून अधिक काळ लागला.

आज दूरदर्शनवर कोणताही मोठा सामना लावा. धावपट्टीशेजारून धावणारा कॅमेरा, मंद गतीत उलगडणारी उडी, श्रोतृवृंदातला एखादाच ताणलेला चेहरा, ही सारी भाषा रीफेनश्टालने रूढ केली. चित्रपटाच्या अखेरीस उंचावरून पाण्यात सूर मारणाऱ्यांचा जो भाग आहे, त्यात हळूहळू नावे गळतात, देश गळतात, गुण गळतात. उरतात ती आभाळात तरंगणारी काळी शरीरे. पडद्यावर याहून सुंदर काही मी फारसे पाहिलेले नाही.

मग हा प्रचारपट कसा? जेसी ओवेन्स या कृष्णवर्णी अमेरिकनाने चार सुवर्णपदके जिंकली, आणि तो त्यात जिंकताना दिसतो. रीफेनश्टालचे समर्थक हेच पुढे करतात. पण कुशल प्रचाराला खोटे सांगावे लागत नाही. काय पाहायचे एवढे ठरवले की त्याचे काम भागते. चित्रपट ग्रीक मंदिरांच्या भग्नावशेषांतून सुरू होतो, पुतळा जिवंत होऊन थाळी फेकतो, आणि ती प्राचीन ज्योत हातोहात थेट हिटलरच्या स्टेडियमात येऊन पोहोचते. तीन वर्षांनी युरोप पेटवणारा माणूस येथे हौशी प्रेक्षकासारखा मांडी चोळत बसलेला दिसतो. शिवाय या दोन भागांच्या प्रदीर्घ चित्रपटात दुबळे, बेढब, थकून बसकण मारलेले शरीर जवळजवळ शोधूनच काढावे लागते.

मॅराथॉनचे उदाहरण घ्या. सरावाच्या वेळी धावणाऱ्यांच्या गळ्यात लहान कॅमेरे अडकवून तिने त्यांचीच पावले टिपली. त्यामुळे शिणलेले पाय आणि न थांबणारे मन यांचा झगडा पडद्यावर उभा राहतो. तो विजेता कोण? चित्रपट सांगतो, जपानचा सोन कितेई. वस्तुतः तो कोरियन, सोन की-चोंग. त्याचा देश जपानच्या टाचेखाली होता आणि त्याचे नावदेखील जपानी करून लिहिले गेले होते. पदक घेताना तो मान खाली घालून उभा राहिला आणि हातातल्या ओकच्या रोपट्याने त्याने छातीवरचा जपानी सूर्य झाकला. त्या ऑगस्टमध्येच कोरियातील 'दोंग-आ इल्बो' या वृत्तपत्राने त्याच्या छायाचित्रातला ध्वज खोडून छापला, त्यापायी पत्र बंद ठेवावे लागले आणि संपादकीय मंडळींना अटक झाली. रीफेनश्टालला पाय दिसले, घाम दिसला, रस्त्यावरची सावलीदेखील दिसली. माणूस तेवढा दिसला नाही.

(आपलीही माणसे तेव्हा बर्लिनला होती. १५ ऑगस्टला ध्यानचंदच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे लोळवले, आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीसारखे देशी खेळ तेथे करून दाखवले.)

२० एप्रिल १९३८ रोजी, हिटलरच्या वाढदिवशी, 'ऑलिंपिया' बर्लिनमध्ये झळकला. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मुसोलिनीच्या नावाचा चषक मिळाला. तो निकाल आधीच शिजवलेला आहे असे म्हणून इंग्रज व अमेरिकन परीक्षक उठून गेले, आणि फ्रेंचांनी असल्या दडपणापासून मुक्त असा आपला महोत्सव कान या गावी भरवायचे ठरवले. सप्टेंबर १९३९ चा मुहूर्त महायुद्धाने उधळला; पहिला महोत्सव १९४६ साली भरला.

युद्धाने आणखी एक मुहूर्त उधळला होता. १९४० चे ऑलिंपिक टोकियोला व्हायचे होते. तो निर्णय बर्लिनमध्येच, सामन्यांच्या आदल्या दिवशी झाला होता. चीनशी युद्ध सुरू झाल्यावर १९३८ साली जपानने तो मान परत केला. प्रत्यक्षात टोकियोला सामने झाले ते १९६४ च्या ऑक्टोबरात. मध्ये हिरोशिमा होऊन गेले होते. ज्योत पेटवण्याचा मान योशिनोरी साकाई या तरुणाला दिला गेला. त्याचा जन्म हिरोशिमा प्रांतातला, ६ ऑगस्ट १९४५ चा.

या सामन्यांचा चित्रपट आधी अकिरा कुरोसावा करणार होता. पैसा आणि अधिकार यांवरून त्याचे बिनसले व काम इचिकावाकडे आले. खेळाविषयी फारसे प्रेम नसलेला हा माणूस. त्याने शंभरांहून अधिक कॅमेरे लावले, लांब पल्ल्याची भिंगे वापरली, आणि रीफेनश्टालची विद्या नि:संकोच उचलून ती भलतीकडेच वळवली. त्याचा चित्रपट सूर्यापासून सुरू होतो खरा, पण लगेच जुन्या इमारती पाडणारा लोखंडी गोळा दिसतो. पुढे एक गोळाफेकपटू हातातला गोळा इतक्या वेळा फिरवतो, मानेशी नेतो, पुन्हा काढतो, की आपल्याला हसू येते आणि मग आपलीच अशी एखादी खोड आठवते. पावसाने भिजलेली धावपट्टी माणसे पुसत बसतात. जपानच्या मुलींनी रशियाला व्हॉलीबॉलमध्ये हरवल्यावर सारे स्टेडियम आनंदाने रडत असते, आणि कॅमेरा मात्र बाजूला एकट्या उभ्या राहिलेल्या प्रशिक्षक दाइमात्सूवर जाऊन थांबतो.

चाड या आफ्रिकी देशाला स्वतंत्र होऊन चारच वर्षे झाली होती. तेथून आलेल्या अहमद इसा या धावपटूच्या मागे इचिकावा बराच वेळ फिरतो. खेळाडूंच्या भोजनगृहात इसा एकटाच जेवतो, कोणाशी बोलत नाही. तो आठशे मीटरच्या उपान्त्य फेरीत बाद होतो. आपल्या फडात चीत झालेला मल्ल पाठीवरची माती न झटकता गर्दीतून वाट काढत जातो, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. इचिकावा नेमका त्याच्याकडे पाहतो.

आणि त्याची मॅराथॉन! अबेबे बिकिला हा इथिओपियाचा वीर, १९६० साली रोमला अनवाणी जिंकलेला, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच येथे धावला आणि २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत पुन्हा जिंकला. त्याचा निर्विकार चेहरा मंद गतीत पडद्यावर इतका वेळ राहतो की तो कशाचा विचार करतो आहे हे कळावे म्हणून जीव कासावीस होतो. आणि चित्रपट ते सांगत नाही. मागे पाण्यासाठी थांबणारे, फोड आलेले पाय धरून बसणारे यांनाही तेवढाच मान आहे. जपानचा त्सुबुराया दुसऱ्या क्रमांकाने स्टेडियमात शिरला आणि हजारो देशबांधवांच्या डोळ्यांदेखत इंग्रज हीटलीने त्याला मागे टाकले. कांस्यपदक मिळूनही ते शल्य त्याच्या मनातून गेले नाही असे म्हणतात. जानेवारी १९६८ मध्ये त्याने आपले जीवन संपवले. हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला ती शेवटची फेरी पाहवत नाही.

सौंदर्याच्या तागडीत 'ऑलिंपिया' जड भरेल, हे मी मान्य करतो. तरी मत विचाराल तर मी इचिकावाला देईन. त्याच्या खेळाडूला हरल्यानंतरही चित्रपटात जागा आहे. रीफेनश्टालचा खेळाडू दमला की पडद्याबाहेर जातो. तिने ते कोणाच्या सांगण्यावरून केले नसेलही. तिची नजरच तशी होती, आणि यजमानांना हवी होती ती हीच नजर.

टोकियोच्या यजमानांना मात्र घेतलेल्या पैशाचा हिशेब जुळेना. मार्च १९६५ मध्ये खाजगी खेळ झाला, तेव्हा ऑलिंपिकचे खाते सांभाळणारे मंत्री इचिरो कोनो यांनी हे आपल्याला काहीच समजले नाही, असे सांगून टाकले. ही नोंद की कला, असा वाद वृत्तपत्रांतून पेटला. प्रसिद्ध नटी हिदेको ताकामिने हिने वर्तमानपत्रात इचिकावाची बाजू मांडली, आणि एवढ्यावर न थांबता ती स्वत: मंत्रिमहाशयांना जाऊन भेटली. कोनो निवळले. जपानमध्ये कोटीहून अधिक लोकांनी तो चित्रपट पाहिला, आणि त्याच वर्षी तो कानच्या महोत्सवातही दाखवला गेला. उरलेल्या फितींतून अधिकाऱ्यांनी आपल्या मनाजोगता, विजेत्यांची रीतसर नोंद ठेवणारा दुसरा चित्रपट करवून घेतला. तो १९६६ साली लागला.