शमीच्या सावलीतील माती



ज्या शाळेत मी धुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या स्मृती-व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला मिळाला, हे मी माझे भाग्य समजतो. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते गुरुजी आम्हांला विज्ञान शिकवीत. दसऱ्यासाठी शमीची पाने आणायला आम्ही मुले इंदूरबाहेरच्या माळावर जात असू. एकदा गुरुजी सोबत होते. त्यांनी विचारले, "सारा माळ पिवळा पडू लागला, मग या झाडाखालचेच गवत हिरवे का?" मी म्हणालो, "सावलीमुळे." ते म्हणाले, "उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे मोठा झाल्यावर शोध." आजचे व्याख्यान हा त्या उरलेल्या अर्ध्या उत्तराचा इतिहास आहे.

वनस्पतींना पाणी, नत्र, स्फुरद आणि पालाश यांखेरीज काही धातू व खनिजे अत्यल्प प्रमाणात लागतात, हे ज्ञान फार जुने नाही. १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये ग्री या संशोधकाने पिवळी पडलेली पाने लोहाच्या क्षाराने पुन्हा हिरवी करून दाखविली. १८६९ मध्ये रोलँ याने एका बुरशीला जस्तावाचून वाढ नाही, हे सिद्ध केले. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये कॅथरीन वॉरिंग्टन यांनी बोरॉनची आणि १९२६ मध्ये अमेरिकेत सॉमर व लिपमन यांनी उच्च वनस्पतींसाठी जस्ताची आवश्यकता प्रस्थापित केली. १९३९ मध्ये या यादीत मॉलिब्डेनमची भर पडली. मात्र हे बहुतेक प्रयोग काचपात्रांत, पाण्यात वाढविलेल्या रोपांवर झाले होते. कोरड्या जमिनीतील झाड ही द्रव्ये कोठून मिळवते, हा प्रश्न अजून प्रयोगशाळेबाहेरच उभा होता.

त्या प्रश्नाच्या इतिहासात आपल्या इंदूरला एक स्थान आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी बिहारमधील पुसा येथे फळझाडांची मुळे उकरून पाहिली होती. पावसाळ्यात वरची मुळे काम करतात आणि कडक उन्हाळ्यात, वरची माती सुकल्यावर, खोलवरची मुळे झाडाला पोसतात, असे त्यांना आढळले. हे निरीक्षण १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ते इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख झाले होते. तेथे रसायनशास्त्राची बाजू सांभाळणारे यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. पालापाचोळा व शेण यांपासून खत करण्याच्या 'इंदूर पद्धती'वरील १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्ड आणि वाड या दोघांचीही नावे आहेत. झाडाने खोलवरून उचललेले द्रव्य पानांवाटे वरच्या मातीत परत येते, हा विचार हॉवर्ड यांनी पुढे आग्रहाने मांडला.

यानंतर तीन दशकांनी दुसरे एक यशवंत पुढे आले. जंगल तोडून लागवडीखाली आणलेल्या तराईच्या जमिनीत भाताची पाने तांबूस पडून रोपे खुरटू लागली होती. पंतनगरच्या कृषी विद्यापीठातील डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की 'खैरा' नावाचा हा रोग कोणत्याही जंतूचा नसून जस्ताच्या उणिवेचा आहे. पुढील वर्षीच सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी अखिल भारतीय समन्वित योजना सुरू झाली. तिच्या अंतर्गत पुढील दशकांत तपासलेल्या लाखो नमुन्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत जस्त अपुरे निघाले.

असे नमुने गोळा करणाऱ्या असंख्य हातांत माझेही हात होते. मृदा-रसायनज्ञ म्हणून मी मारवाडात काम करीत होतो. आम्हांला घालून दिलेला नियम असा की नमुना घेताना बांधाजवळची, खताच्या ढिगाजवळची आणि झाडाखालची माती टाळावी. शेताची सरासरी बिघडू नये, हा त्यातील हेतू, आणि तो चुकीचा नव्हे. एकदा एका वृद्ध शेतकऱ्याने मला खेजडीखाली नेऊन तेथील भरदार बाजरी दाखविली. ही खेजडी म्हणजेच आपली शमी. "साहेब, इथली माती घ्या," असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मी नियमावर बोट ठेवले आणि पुढे गेलो. गुरुजींचा प्रश्न माझ्यासमोर पुन्हा उभा राहिला होता आणि मी तो ओळखला नाही. ही खंत आजही मनात आहे.

सुदैवाने इतरांनी ती माती घेतली. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १९८० मध्ये खेजडीवर स्वतंत्र ग्रंथ काढला. खेजडीखालच्या मातीत उघड्या रानापेक्षा सेंद्रिय द्रव्य अधिक आणि जस्त, लोह, मँगनीज, तांबे यांची उपलब्धताही अधिक, असे तेथील अभ्यासांतून दिसून आले.

असे का घडते? मरुभूमीतील माती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी असते. तीत लोह आणि जस्त असले तरी ते जणू कुलूपबंद असतात. मुळे आम्ले व सेंद्रिय द्रव्ये पाझरवून ते कुलूप उघडतात आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचे तंतू मुळे पोहोचत नाहीत तेथवर जातात. शमीच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू नत्र बांधतात. त्यासाठी लागणारे मॉलिब्डेनम मात्र अशाच अल्कधर्मी मातीत सुलभ असते. पान गळण्यापूर्वी झाड नत्र व स्फुरद बऱ्याच अंशी परत घेते. मँगनीज व लोह मुख्यतः पानातच राहतात आणि पानाबरोबर मातीला मिळतात. शिवाय सावलीत बसणारी गुरे शेण टाकतात, पक्षी विष्ठा टाकतात आणि वाऱ्यावरची धूळ बुंध्याशी थबकते.

मुळे किती खोल जातात? शमीच्याच कुळातील एका झाडाची मुळे अमेरिकेतील ॲरिझोनात एका खाणीत सुमारे ५३ मीटर खोलीवर सापडल्याची नोंद १९६३ मध्ये झाली. २०१३ मध्ये तर ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी सुमारे ३५ मीटर खोलीवरील सोन्याचे सूक्ष्म कण निलगिरीच्या पानांत दाखविले. पानांना सोने म्हणण्याची आपली रीत निराळ्या भावनेची आहे. तथापि झाड धातू वर आणते, ही गोष्ट आता कल्पनेची राहिलेली नाही.

मारवाडच्या लोकांना या झाडाचे मोल रसायनशास्त्रावाचून कळले होते. १७३० मध्ये खेजडली गावी राजाज्ञेने होणारी तोड थांबविण्यासाठी अमृतादेवी आणि परंपरेनुसार एकूण ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. राजस्थानने १९८३ मध्ये खेजडीला राज्यवृक्ष केले. तरीही मूळ पोखरणारे भुंगेरे, गॅनोडर्मा बुरशी आणि अति छाटणी यांनी ती अनेक ठिकाणी वाळली. ट्रॅक्टरच्या वाटेत येते म्हणून शेतातली नवी रोपे उरत नाहीत. अलीकडे बिकानेर भागात सौर प्रकल्पांसाठी होणाऱ्या खेजडीच्या तोडीविरुद्ध लोकांना आंदोलने करावी लागली. सौरवीज हवीच आहे. परंतु तिच्या हिशेबात झाडाखालची माती धरली जात नसेल, तर माझ्या हातून झाली तीच चूक आपण मोठ्या प्रमाणावर करीत आहोत.

म्हणून शाळेच्या विज्ञान मंडळाला माझी एक विनंती आहे. येत्या दसऱ्याला पाने आणायला जाल तेव्हा दोन पिशव्या न्या. एकीत झाडाखालची माती घ्या, दुसरीत उघड्या माळावरची, आणि दोन्ही तपासून घ्या. आकडे काय येतील ते येवोत, ते शाळेच्या वहीत लिहून ठेवा. गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पन्नासहून अधिक वर्षे लागली. तुम्हांला एवढा वेळ लागू नये.