परसदारची बैठक

जुन्या पुण्यातल्या वाड्यात पुढे दिंडीदरवाजा, चौक, सदर. तेथे पुरुषांची ऊठबस. माजघर, स्वयंपाकघर ओलांडले की परसदार, ते बायकांचे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरात आणले. ते मोठ्या वाड्यांच्या हौदांत पडू लागले. इतरांकडे आड होताच. शेजारी न्हाणी, धुण्याचा दगड, तुळस. सांडपाण्यावर अळू, केळ, कर्दळ. पाणी वाया म्हणून जात नसे. किती विचाराने केलेली मांडणी! पण तीत बायकांना घटकाभर टेकायला जागा नव्हती. बसायचे ते भांडी घासायला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे कितीतरी वाडे पडले. त्यात आमचाही गेला. आजेसासूबाईंनी धुण्याचा दगड तेवढा नव्या घरी आणला. त्यावर दोन पिढ्या वाकल्या.

गेल्या वर्षी तो दगड मी पारिजातकाखाली बैठकीसारखा मांडला व सासूबाईंना बसवले. त्या म्हणाल्या, “निवडायला काहीतरी दे गं.” मी दिले नाही.

परस लहान असो वा मोठे, रिकाम्या हातांनी बसण्यापुरती जागा त्यात प्रत्येकीने राखावी, एवढीच विनंती.